पडद्याला पडलेलं भोक

मी लावालीच्या टॅक्सीच्या काचेला लावायचा पडदा बोलतोय. झिंडर शहराच्या टॅक्सीवाल्यांत मला ओळखत नाही असा कोणी नाही, कारण माझ्या मधोमध वाटीएवढं भोक आहे. उन्हाच्या पडद्याला भोक कशाला, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगतो.

मला दोन अंगं आहेत. बाहेरचं अंग चंदेरी, उन्हाला आल्या वाटेने परत पाठवणारं. आतलं अंग कापडाचं, पिवळ्यावर काळ्या ठिपक्यांच्या कोंबड्या. हे कापड लावालीच्या बायकोचं, रहिलाचं. याच कापडाने तिने आपल्या लेकीला, दीजेला, वर्षभर पाठीला बांधलं होतं. दीजे चालायला लागली, कापड विरलं, तेव्हा रहिलाने बाजारातून चमकता कागद आणला आणि दोन्ही शिवून मला तयार केलं. कितीदा धुतलं, तरी दुधाचा आणि घामाचा वास काही गेला नाही.

मी नव्हतो तेव्हा गाडीचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला होता आणि स्टिअरिंग ओल्या फडक्याशिवाय धरवत नव्हतं. मी आल्यावर लावाली गाडी उभी केली की आधी मला लावायचा. बाजूच्या काचांना जुने टॉवेल अडकवायचा. मग गाडीभोवती एक चक्कर मारून बघायचा, कुठून ऊन तर शिरत नाही ना.

त्याचा आतेभाऊ इल्लियासू यावर फार हसायचा. आमच्याकडे आते-मामेभावांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं असतं आणि दुसऱ्याने रागवायचं नसतं. थट्टा केली नाही, तर भांडलात का, असं लोक विचारतात.

"काय रे गुलामा, नवरीच्या तोंडावर पदर ओढलास का?" इल्लियासू विचारायचा.

"तुझ्या गाढवालाही शिवून देतो. तुझ्यापेक्षा गोरं दिसेल," लावाली म्हणायचा.

त्या दिवशी लावालीच्या थोरल्या भावाकडे बाळाचं बारसं होतं. कडुनिंबाखालची जागा पाहुण्यांनी आणि मेंढ्यांनी आधीच धरली होती, म्हणून गाडी उन्हात उभी राहिली. लावालीने मला लावलं, टॉवेल अडकवले आणि तो भिंतीच्या सावलीत चहा प्यायला जाऊन बसला. बायकांनी गाडीच्या मागच्या दारातून भाताचा हंडा उतरवला आणि दार तसंच उघडं ठेवून त्या आत गेल्या.

थोड्या वेळाने दीजे एकटीच आली. तिची वाटी मागच्या सीटवर राहिली होती. ती चढली, वाटी घेतली, वाऱ्याचा एक झोत आला आणि दार धाडकन लागलं. त्या दाराची आतली मूठ कधीच तुटलेली. काचा खाली करायची मूठ एकच, ती लावालीच्या खिशात.

घरात कोणालाच काळजी नव्हती. बारशाला आलेलं पोर कुणाच्याही पाठीवर झोपतं, त्याची चौकशी कोणी करत नाही. रहिलाला वाटलं, दीजे नणंदेच्या पाठीवर आहे. नणंद सालामातूने तिला कधीच खाली उतरवलं होतं. तिला वाटलं, आईकडे गेली असेल.

दीजे आधी वाटीशी खेळली. मग दार बडवलं. मग रडली. घरात ढोल वाजत होते. मी माझं काम चोख करत होतो. ऊन अडवत होतो, आणि बाहेरच्यांची नजरही अडवत होतो. पण मी ऊन अडवतो, गाडीतली वाफ नाही. ती साठतच राहते. पोरीचे केस ओले झाले, मग अंगावरचा घामही सुकला. मग तिचं रडणं थांबलं. पडद्याला भीती वाटत नाही. एवढंच सांगतो की ते थांबणं चांगलं नव्हतं.

तिने मान वर केली तेव्हा समोर पिवळ्या कोंबड्या दिसल्या. पुढच्या दोन सीटांच्या मधून ती सरपटत आली, डॅशबोर्डला धरून उभी राहिली, "आई" म्हणाली आणि तिने मला मुठीत धरून ओढलं. मी तिच्यासकट खाली आलो.

बाहेर इल्लियासूने ते पाहिलं.

"गुलामा, तुझ्या नवरीचा पदर पडला!"

"चहा पी गप्प," लावाली मान न वळवता म्हणाला.

"अरे, डॅशबोर्डवर मांस वाळेल आता!"

"तुझंच आणून वाळत घालतो."

सगळे हसले. इल्लियासूही हसला. मग पुन्हा गाडीकडे बघून म्हणाला, "पण आपोआप कसा पडला रे?" आणि उठून उभा राहिला. "लावाली, वल्लाही, थट्टा नाही. आत काहीतरी हललं."

इल्लियासूने कधी त्याला नावाने हाक मारली नव्हती. लावालीने चहा तिथेच टाकला आणि तो गाडीकडे पळाला.

त्याने दार उघडून मला उचललं. खाली दीजे होती, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले. "रहिला!" तो ओरडला, आणि ढोल थांबले. कोणी मडकं आणलं, कोणी घागर. तिला सावलीत नेऊन ओल्या फडक्यांनी गुंडाळलं. त्यातलं एक फडकं मीही होतो. मग तिला माझ्यासकट दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत तिने डोळे नीट उघडले आणि वाटी कुठंय म्हणून विचारलं.

"वहिनी, मला वाटलं तुझ्याकडे आहे," सालामातू रडत म्हणाली.

"मलाही तुझ्याकडेच वाटलं गं," रहिला म्हणाली.

दुसऱ्या सकाळी रहिलाने मला मांडीवर पसरलं आणि मधोमध कात्री घातली.

"अगं, ऊन शिरेल त्यातून," लावाली म्हणाला.

"शिरू दे. माणसाची नजरही शिरू दे."



आता भोकातून येणाऱ्या उन्हाने डॅशबोर्डवर एक गोल डाग पडलाय. इल्लियासू त्याला गुलामाच्या नवरीची टिकली म्हणतो. पण लावाली मला लावतो, काचेसमोर येतो आणि भोकाला डोळा लावून मागची सीट बघतो, मगच चहाला जातो. कधी दीजेही हट्ट करते. मग तो तिला उचलून धरतो. ती डोळा लावते आणि विचारते, "आत कोण आहे?"

आत कोणी नसतं. तरी ती रोज विचारते. तुमच्या पडद्याला भोक नसेल, तर तुम्हीही त्याला लावण्याआधी एवढं विचारा.