सात फुटाची भिंत

सकाळीच कारभारीनं दारात उभं राहून समोरच्या साळूबाईचा उद्धार मांडला. आदल्या दिवशी हा गडी ‘तलाठ्याकडं जातो’ म्हणून शेतातून सटकला आणि घरी येऊन, गरम भजी हाणून, तासभर घोरत पडला. साळूबाईनं ओट्यावरून ते बघितलं आणि त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला सांगून टाकलं. म्हातारीच्या पोटात पाप नव्हतं हो. तिचं कामच ते.

कपाशी फुटली की सगळी गल्ली वेचणीला जायची. जाताना बाया घराच्या चाव्या साळूबाईच्या ओट्यावरच्या देवळीत ठेवायच्या. म्हातारी दिवसभर तुरी निवडत बसायची आणि कोण आलं, कोण गेलं, कुत्रं कुणाच्या घरात शिरलं, ते सांजच्याला ज्याच्या त्याच्या कानावर घालायची.

“काकू, आमच्या घरावर नजर ठिवायची नाय,” कारभारी ओरडला. “काय चाललंय ते बघायचं नाय अन् कुनाला सांगायचंबी नाय.”

“नाय सांगत बाबा,” साळूबाई म्हणाली.

द्वारकाबाईला भज्यांचा राग होताच. “खाल्ली तर खाल्ली, मला दोन ठिवली असती तर हात झडले असते का?”

पण कारभारी आता सुरक्षेवर आला होता. शेजारच्या गावात चोरी झालती, हे त्याला नेमकं तेव्हाच आठवलं. शहागंजच्या बाजारातून त्यानं सात लिव्हरची दोन कुलपं आणली आणि सिल्लोडच्या शौकत मिस्त्रीला बोलावलं.

“भिंत कितनी उंच, कारभारीभाऊ?”

“म्हातारीनं टाचा उचलल्या तरी आतलं दिसू नये इतकी.”

“भाऊ, खाली जाळी सोडू का? आरपार दिसलेलं बरं असतं. चोराला भीती राहते.”

“तू मिस्त्री हायस का पोलीस?”

शौकतनं गुमान सात फूट चढवली. वर काचा रोवल्या. पत्र्याचं गेट पलीकडं, ओढ्याच्या अंगाला केलं. चावी आता देवळीत नाही, कारभारीच्या कमरेच्या करगोट्याला. तो गल्लीतून असा चालायचा, जसा काय किल्लाच बांधलाय. साळूबाईच्या ओट्यावर मात्र दुपारपासूनच सावली पडायची आणि म्हातारी पांघरूण घेऊन बसायची. द्वारकाबाईला ते बघून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आतल्या दालनात कापूस आढ्याला टेकला होता. वेचून वेचून द्वारकाबाईच्या बोटांची सालटं निघाली होती. लेकीचं नर्सिंगचं कॉलेज त्याच कापसावर चालणार होतं. भाव चढला की विकायचा, असं ठरलं होतं.

एका मंगळवारी दोघं शेतातून परतली तर गेट सताड उघडं. दोन्ही कुलपं कापलेली. दालन झाडून नेल्यागत रिकामं, अंगणात पिकअपच्या चाकाचे वळ. चोरांनी घाईसुद्धा केली नव्हती. गेट आतून लावून, पोती भरून, ओसरीवर चहा करून प्याले होते. द्वारकाबाई रिकाम्या दालनात बसली आणि मोठ्यानं रडली.

हवालदार आला, पंचनाम्याला गल्ली जमली. त्यानं साळूबाईला विचारलं, “आजी, तुम्ही समोरच बसता. काय दिसलं?”

“भिंत.”

“आणि दुसरं?”

“दुसरं काय दिसंल, बाबा? सात फुटाची हाय.”

“काही आवाज आला का?”

“आला की. गेट वाजलं, गाडी घरघरली. म्हनलं, कारभारी भजी घिऊन झोपाया आला आसंल. आन् ह्यानं बघू नको, सांगू नको म्हनून बजावलेलं. मी पांघरूण तोंडावर घितलं.”

गल्ली फिदीफिदी हसली. हवालदारानं मिशीवर हात फिरवत विचारलं, “भज्यांचं लिहू का?” कारभारी करगोट्याची चावी चाचपत खाली बघत राहिला. ती चावी आता कशालाच लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं गोठ्यातली पहार काढली आणि ओट्यासमोरच्या भिंतीला घातली. पहिली वीट निघायला लई वेळ लागला. शौकतचं काम पक्कं होतं.

“अगं, काय करतीस? लोक काय म्हंतील?” कारभारी तिचा हात धरायला धावला.

तिनं हात झटकला.

“लोकायला आधी दिसू तर द्या,” ती म्हणाली, “मग म्हनू द्या काय म्हनायचं ते.” आणि तिनं पुन्हा पहार उचलली.