एकच चकचकीत बटण

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. लांबूनच बोलू. बोटांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

मी एक जुना मिक्सर. स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा. वहीएवढा. कारखान्यात माझे स्क्रू आवळले गेले त्या दिवसापासून प्रत्येक हाताकडे मी असाच बघतो : हा चालवणार की मोडणार?

वरच्या कडेला तीन-तीन छिद्रांची इनपुट आहेत. माइकची वायर तिथे लागते. त्याखाली गेन. आवाजाला किती आत घ्यायचं, ते हे बटण ठरवतं. मग ट्रेबल. ते उजवीकडे नेलं की ‘स’ आणि ‘श’ यांना धार चढते. सगळ्यांत खाली फेडर, म्हणजे आवाज बाहेर सोडणारी सरकपट्टी. लाल दिवा लागला, तर आवाज फाटतोय.

सगळ्यांच्या आवाजाला माझ्यात जागा आहे. माझ्या आवाजाला नाही. हे लक्षात ठेवा.

अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायच्या खोलीत मी चौदा वर्षं आहे. काचेपलीकडे एक निवृत्त शिक्षिका वाचतात. त्या बाई. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंग करणारे काका डोळे मिटून, एक हात माझ्यावर ठेवून ऐकतात. “काकांचा कान म्हणजे कान!” असं सगळे म्हणत. मीही फुगत असे.

मग श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बाईंचा ‘स’ सुईसारखा टोचतो.

काकांनी ट्रेबलशेजारी पांढरी चिकटपट्टी लावली आणि घड्याळातल्या बाराच्या जागी पेन्सिलीची रेघ ओढली. सकाळी बटण रेघेवर ठेवायचं. वाचन संपलं की दिवा मालवून जेवायला जायचं. परत येऊन बघावं, तर बटण तीनवर!

जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोण येतं? झाडणाऱ्या मावशी.

“मावशी, खरं सांगा. फडकं कुठवर फिरवता?”

“वरूनच झटकते, साहेब. ते बटण फिरवून मला काय गाणी काढायचीत?”

“परत असं झालं तर ऑफिसात सांगावं लागेल. मग काम जाईल तुमचं.”

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. “इतक्या वर्षांत तुमचं पेन हललं नाही माझ्याकडून. उद्यापासून या टेबलाला बोट लावणार नाही. बसू दे धूळ तुमच्या लाडक्यावर.”

धूळ बसली. एक दिवस. चार दिवस. आठ.

बटण रोज तीनवर.

कोणाचं बोट, ते मला ठाऊक होतं. पण माझा आवाज कुठून बाहेर काढू?

नवव्या दिवशी काका ऑफिसला द्यायचा अर्ज लिहायला बसले. “मावशींबद्दल” एवढंच लिहून झालं होतं. बाई कुठल्या पानापासून वाचायचं ते विचारायला आत आल्या, माझ्यावर वाकल्या आणि चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

“अहो, सगळ्या बटणांवर धूळ आहे. हे एकच कसं चकचकीत?”

काकांनी ट्रेबलकडे पाहिलं. मग स्वतःच्या तर्जनीकडे. सकाळी एकदाच फिरवून एवढी चकाकी येत नाही. डोळे मिटून ऐकताना ‘स’ त्यांना पुसट वाटे आणि ते बोट नकळत केसभर सरके. रोज. पुन्हा पुन्हा. बटण निर्दोष होतं. कान थकला होता.

दारात मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. काकांनी अर्ज फाडला.

“मावशी, चुकलो मी. आत या.”

“फडकं आणू?”

“नको. हे कानाला लावा.”

काका आता कानाच्या डॉक्टरांकडे जातात आणि उघड्या डोळ्यांनी काम करतात. मला दोन हेडफोन जोडले आहेत. दुसरा मावशींच्या कानाला असतो.

“टोचतोय का हो?”

“टोचतोय. घ्या मागे.”

मित्रांनो, कानांना जपा. मलाही पुसत जा, अगदी हलक्या हाताने. पण कुणावर बोट रोखायची वेळ आली, तर पुसायची घाई करू नका. आधी धूळ नीट बघा.