दोनशे बारा खापऱ्या

"हात हलका ठेवा! माती झोपलीय. तिला हाक मारून उठवायचं, लाथ मारून नाही!"

एकतीस वर्षांपूर्वीची ती हाक. डोंगरमाथ्यावरच्या खड्ड्यातून निघायची आणि थेट खालच्या झऱ्यावर खापऱ्या धुणाऱ्या बायकांपर्यंत पोचायची. गाडीनं स्टेशन सोडलं तेव्हा आकडेमास्तरांच्या कानात ती पुन्हा घुमली, आणि त्यांनी समोर पाहिलं. त्या हाकेचे धनी खिडकीशी बसले होते. अंगात एकावर एक दोन स्वेटर, मांडीवर औषधांची पिशवी. पाच शब्दांच्या वाक्यात दोनदा थांबावं लागत होतं.

"काय बघतोस, मास्तर?" मुकादम म्हणाले. "इतका देखणा... राहिलो नाही मी आता."

"तुमचं देखणेपण तेव्हाही एकट्या ताईलाच दिसलं होतं, दाजी."

मुकादम हसायला गेले आणि त्या हसण्याचा खोकला झाला. डब्यातल्या लोकांनी माना वळवल्या. मास्तरांनी घाईघाईनं पिशवीतला फवारा काढून त्यांच्या हातात दिला. दोन झोत तोंडात गेल्यावर छाती जरा खाली बसली.

आकडेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण आता तेच चिकटलं होतं. संग्रहालयाच्या तळघरात त्यांची उभी हयात गेली. काम एकच. खापरीच्या आतल्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, काळ्या शाईनं आकडा लिहायचा: कुठला खड्डा, कुठला थर, कितवी खापरी. शाई वाळली की वर लाखेचा हात फिरवायचा. तो आकडा म्हणजे त्या खापरीच्या जन्माचा दाखला. तो पुसायचा नसतो, बदलायचा नसतो. ते निवृत्त झाले तेव्हा साहेब भाषणात म्हणाले होते, "यांच्या हातून एक आकडा कधी चुकला नाही." टाळ्या पडल्या. मास्तरांनी मान खाली घातली, तो लोकांना विनय वाटला.

आणि हे त्या डोंगरावरच्या जुन्या वस्तीच्या खोदकामाचे मुकादम. मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून दाजी. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. पण सुरीच्या टोकानं माती खरवडली, की थर कुठे संपला आणि कुठे सुरू झाला ते सांगायचा. साहेब लोक पुस्तकं उघडीपर्यंत याचं सांगून झालेलं असायचं. मास्तरांना त्या कामावर चिकटवलं तेही त्यांनीच.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, की फार तर दोन महिने. दुसऱ्या दिवसापासून मुकादमांनी एकच धोशा लावला, मला डोंगरावर जायचंय. ताई भावाकडे आली. चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी राहिली. "तू जा बाबा त्यांच्याबरोबर. दुसऱ्या कुणाला म्हणू मी? सगळं जग उलटलं तेव्हा तू एकटाच त्यांच्या बाजूनं बोलला होतास."

मास्तर काय म्हणणार? म्हणाले, "जातो."

गाडी मैदान कापत निघाली होती. डोंगर अजून निळा, ढगाच्या कडेसारखा. मुकादम बराच वेळ त्याच्याकडे टक लावून बसले होते.

"तुला सांगू का... कशाला निघालोय?"

"तुमची जागा बघायला. दुसरं काय?"

"छे. भिंत बघायला." त्यांनी काचेवर बोटानं आडवी रेघ ओढली. "खड्ड्याची उत्तरेची भिंत. मोठ्या साहेबांनी तिच्यावर... पत्र्याचं छप्पर घालायला सांगितलं होतं. ती असेल अजून. तिच्यात ती राखेची रेघ... अखंड आहे का, तेवढं बघायचंय."

"अखंडच आहे, दाजी."

"मीही तेच म्हणायचो. वीस वर्षं म्हटलं, पंचवीस वर्षं म्हटलं. पण हल्ली डोळे मिटले, की ती भिंत समोर येते. कधी रेघ दिसते... कधी मधेच तुटलेली दिसते. रेघ तुटलेली असेल, तर मग वरची माती खाली उतरली, आणि मला ती कळली नाही. म्हणजे माझाच हात चुकला." ते थांबले. श्वास गोळा केला. "तसं असेल तर तुझ्या ताईला सांगून टाकीन. माझ्यापायी ती एकतीस वर्षं... लोकांशी भांडत आलीय. भावकी तोडली, शेजार तोडला. खोट्यासाठी भांडली असेल बिचारी, तर मरण्याआधी... सांगायला नको?"

  मास्तर उठले आणि चहा आणतो म्हणून डब्याच्या दारापर्यंत जाऊन आले. चहावाला आलाच नव्हता.

कारण भिंतीत काय आहे ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. डोंगरावर न चढता ठाऊक होतं.

त्या खड्ड्यात पाच थर निघाले होते. चौथा थर म्हणजे राख, वीतभर जाडीची. कुठल्याशा काळी सगळी वस्ती जळून गेली होती, तिची. राखेवरच्या तिसऱ्या थरातलं सगळं नंतरचं, राखेखालच्या पाचव्यातलं आधीचं, इतका साधा हिशेब. मुकादम दोन्ही थरांच्या खापऱ्या वेगवेगळ्या पेट्यांत भरून खाली धाडायचे. बायका धुऊन वेगवेगळ्या गोणपाटांवर वाळत घालायच्या. गोणपाटाच्या कडेला थराची चिठ्ठी, चिठ्ठीवर दगड. एका दुपारी वारा सुटला. मास्तरांची वही फडफडायला लागली, म्हणून हाताशी होते ते दोन दगड उचलून त्यांनी वहीवर ठेवले. बस्स, एवढंच. चिठ्ठ्या उडाल्या. झुडपात सापडल्याही. पण कुठली कुठल्या गोणपाटावरची? पेट्या घेऊन माणूस खाली आला होता, तो परत गेलेला. बायका जेवायला पांगलेल्या. मुकादमांना विचारलं असतं, तर त्यांनी एक खापरी तळहातावर घेऊन सांगितलं असतं. पण वरपर्यंत पाऊण तासाचा चढ, आणि डोक्यावर ऊन. मास्तरांनी अंदाजानं चिठ्ठ्या ठेवल्या आणि दिवस कलायच्या आत दोनशे बारा खापऱ्यांवर आकडे घालून लाख फिरवली.

त्या दोनशे बारा खापऱ्यांच्या भरवशावर मोठ्या साहेबांनी पुस्तक लिहिलं, आणि भर सभेत दुसऱ्या एका विद्वानानं त्याच्या चिंधड्या केल्या. मग राखेखालच्या खापऱ्यांत वरच्या कशा आल्या, खोदताना मुकादमांनी थर मिसळले का, याची चौकशी बसली. त्याच आठवड्यात मास्तरांच्या पक्क्या नोकरीचा कागद सहीला गेला होता. त्यांना आत बोलावून विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मुकादम मुद्दाम असं करणारा माणूस नव्हे, साहेब. थकव्यात झालं असेल."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. बाहेर सगळे म्हणाले, मेव्हणा असावा तर असा, दाजीची बाजू घेतली. मुकादमांना पुन्हा कुठल्या खोदकामावर कुणी उभं केलं नाही. ते खडी फोडायच्या कारखान्यात लागले आणि तिथली धूळ एकवीस वर्षं छातीत भरत राहिले.

गाडीतून उतरून बस धरली. बस जुनी, आणि रस्ता दोरीच्या गुंडाळीसारखा. कंडक्टर जवळ आला तेव्हा मुकादम उतरायच्या ठिकाणाचं नाव सांगताना अडकले.

"सावकाश, आजोबा, सावकाश," तो म्हणाला. "पोचायला दोन तास आहेत. तोवर नाव होईल पुरं."

सगळी बस हसली, मुकादमही हसले. वळणावळणाला त्यांचा खांदा मास्तरांच्या खांद्यावर येऊन पडत होता. लाकडासारखा हलका झाला होता तो खांदा. याच खांद्यावर एकदा मुरगळलेल्या पायाच्या मास्तरांना बसवून ते डोंगर उतरले होते.

"दाजी, मला एक सांगायचं होतं. त्या चौकशीत..."

"नको." मुकादमांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "ते नको काढूस. तू बोललास माझ्यासाठी... तेवढं पुरे. त्यावर तर मी जगलो. एक तरी माणूस होता म्हणून."

मास्तरांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. घाटात लोकांना मळमळतं, तसं त्यांना वाटत असावं असं समजून पलीकडच्या बाईनं लिंबू पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि नुसतंच मुठीत दाबून बसले.

बसनं पायथ्याशी सोडलं, तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पुढे दगडी पायऱ्या. मास्तर म्हणाले, "इथूनच बघू या, दाजी. दिसतो की डोंगर." मुकादमांनी काठी टेकली आणि ते पहिली पायरी चढले. दहा पायऱ्या, मग बसणं. आठ पायऱ्या, मग बसणं. पुढे पुढे तर पायरीगणिक थांबणं. ओठ निळसर झाले, गळ्यातल्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. उतरणारे लोक बाजूला होऊन वाट देत होते आणि मास्तरांकडे रागानं बघत होते: या म्हाताऱ्याला कुठं ओढत नेतोय हा?

"परत फिरू या. तुमच्या पाया पडतो."

"अर्ध्यात?" मुकादम कठड्याला टेकून उभे होते. "अरे, बायकांनी गाणं केलं होतं... माझ्या ओरडण्याचं. आठवतं?" आणि त्यांनी तुटक्या श्वासात, सूर नसलेल्या सुरात म्हटलं,

"हात हलका गं बाई, माती झोपली झोपली,
कुण्या बाईची गं चूल, तिनं राखेत झाकली."

दुसरी ओळ पुरी व्हायला तीन पायऱ्या लागल्या. मास्तर मागे चालत होते, पडलेच तर झेलायला दोन्ही हात पुढे धरून. आत्ता सांगितलं तर हा माणूस इथूनच माघारी फिरेल, हे त्यांना कळत होतं. नाही सांगितलं तर कदाचित वर पोचायच्या आधीच... तेही कळत होतं. भिंत सांगेल, असं ते मनाला समजावत होते. रेघ अखंड दिसेल, दाजींचं समाधान होईल, आणि आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही. इतका वेळ त्या भिंतीचीच आस मुकादमांइतकी त्यांनाही लागली होती.

माथ्यावर वारा होता. पडक्या तटाच्या आत पाथरवटानं नुकत्याच मांडल्यासारख्या घरांच्या चौथऱ्यांच्या ओळी होत्या. मुकादमांनी कुणाला काही विचारलं नाही. काठी टेकत सरळ उत्तरेच्या अंगाला गेले आणि एका जागी येऊन उभे राहिले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे.

तिथे गवत होतं. सपाट, हिरवं, कापलेलं गवत, आणि मध्ये एक लोखंडी पाटी.

खाकी कोट घातलेली राखणदार बाई लांबून आली. "काय शोधताय, बाबा?"

"खड्डा," मास्तर म्हणाले. "इथं एक खड्डा होता. पत्र्याचं छप्पर..."

"तो होय? तो बुजवून सहा वर्षं झाली. छप्पर उडालं, भिंत ढासळली, एक बाई पडली त्यात. मग मातीच लोटली." ती मुकादमांकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाली, "बसवा हो त्यांना. पाणी देऊ का?"

मुकादम आपले आपणच खाली बसले. तळहात गवतावर ठेवला. ताप बघावा तसा ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

"पाटीवर... काय आहे? चष्मा नाही माझा. वाच."

मास्तरांनी पाटी वाचली. खोटं वाचता आलं असतं. पण लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायची हयातभराची सवय, ती जिभेलाही होती. "'या खड्ड्यातील तिसऱ्या व पाचव्या थरांतील अवशेष खोदकामाच्या वेळी मिसळले गेल्यामुळे वस्तीचा काळ निश्चित करता आला नाही.'"

"खोदकामाच्या वेळी," मुकादम म्हणाले.

"हो."

"म्हणजे लिहूनच ठेवलंय." त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. "शिकलेली माणसं पाटी लिहितात, ती काय... उगाच? बुजवण्याआधी पाहिलं असेल कुणीतरी. रेघ तुटलेलीच असणार. मलाच दिसली नाही." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत चालला होता. खूप वर्षं धरून ठेवलेला दोर माणूस सोडून देतो, तसा. "बरं झालं आलो. आता घरी गेलो की तिला सांगतो, बाई गं, पुरे झालं भांडण. माझंच चुकलं होतं."

मास्तर काहीतरी बोलले. जमिनीकडे बघत, ओठांतल्या ओठांत.

"काय म्हणालास?" मुकादमांनी कानाशी हात नेला. "वारा आहे. मोठ्यानं बोल."

राखणदार बाई पाण्याची बाटली घेऊन परत आली होती, तीही थांबून बघायला लागली. तटाशी फिरणाऱ्या दोघा-तिघांनी इकडे तोंड केलं. "काही नाही, चला, बस चुकेल," हे वाक्य मास्तरांच्या जिभेवर अगदी तयार होतं. बस चुकलीही असती. मुकादम तोंड वर करून, विश्वासानं वाट बघत होते.

मास्तर गुडघे टेकून त्यांच्या समोर गवतात बसले, आणि वाऱ्याच्या वर चढवून, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"तुमचं काही चुकलं नाही, दाजी. चिठ्ठ्या माझ्या हातून उडाल्या. मी त्या अंदाजानं ठेवल्या. आकडे मी चुकीचे घातले. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि आत बोलावून विचारलं, तेव्हा तुमचं नाव मी घेतलं."