वेळेवर आलेल्या नऊ गाड्या

एकाच फाटकावर अकरा वर्षांत नऊ अपघात झाले होते, आणि नऊही वेळा गाडी अगदी वेळेवर होती.

टाचणी काढताना मोडली. पहिल्या अर्जाची टाचणी, अकरा वर्षांची. कागदावर तिचे दोन तांबूस ठिपके उरले, एक जिथे ती आत शिरली होती तिथे आणि एक जिथे बाहेर पडली होती तिथे. मेजाशी बसलेल्या बाईने मोडका तुकडा दौतीच्या झाकणात ठेवला आणि नऊही अर्ज मेजावर तारखेच्या क्रमाने मांडले. तसे मांडायची गरज नव्हती. रेल्वेविषयी लोकांनी सरकारला केलेली गाऱ्हाणी वाचायची, प्रत्येकावर दहा ओळींची टिपणी लिहायची आणि अखेरीस ‘अर्जात तथ्य आहे’ किंवा ‘अर्जात तथ्य नाही’ यांपैकी एक वाक्य उतरवायचे, एवढेच तिचे काम, आणि ते ती एकोणीस वर्षे करत आली होती. समोरच्या आठ निकाली अर्जांपैकी पाचांवरच्या टिपण्या तिच्याच हस्ताक्षरात होत्या. पाचही ठिकाणी ‘तथ्य नाही’. अक्षर सुवाच्य होते.

नववा अर्ज एका शिंप्याचा होता. ‘माझी बायको फाटक उघडे होते म्हणून पलीकडे जात होती,’ त्याने लिहिले होते. ‘मी भरपाई मागत नाही. चौकशीच्या कागदात तिच्या नावापुढे निष्काळजी असे लिहिले आहे, तो शब्द काढावा. ती सुईत दोरा ओवतानासुद्धा दोनदा बघायची.’ खाली गावच्या दोनशे बारा सह्या आणि अंगठे. सोबत फाटकाच्या वहीचा उतारा, नेहमीसारखाच: फाटक चार वाजून पाच मिनिटांनी बंद, गाडी चार वाजून दहा मिनिटांनी गेली. म्हणजे नियमाप्रमाणे पाच मिनिटे आधी. वहीत कधी खाडाखोड नसे.

“बाई, किती वेळ त्या फायलीशी गप्पा मारताय?” शाखाधिकारी मागे येऊन उभे होते. त्यांच्यापाशी आलेली प्रत्येक फाईल तिथेच थांबे, म्हणून त्यांना सगळे पूर्णविराम म्हणत. ते त्यांनाही ठाऊक होते आणि मनातून आवडतही असावे. “ही मात्र आज पाचच्या आत वर जायलाच हवी. एकदा वरून सही झाली, की मग ब्रह्मदेव आला तरी उघडायची नाही.”

“साहेब, नऊही गाड्या वेळेवर आहेत.”

“मग चांगलंच आहे की! उशिरा असत्या तर त्याचाही अर्ज आला असता.”

“या मार्गावर तिनातली एक गाडी वेळेवर येते. नऊच्या नऊ अपघात नेमके वेळेवरच्याच गाडीला व्हायचे, तर – एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशीत एकदा.”

“तुम्हाला इथे कुणी घेतलं हो? वेधशाळेत जायचं होतं.” ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, “अहो, सरळ आहे. लोकांना उशिराची सवय. वेळेवरची गाडी कुणाच्या ध्यानीमनी नसते, खुशाल रुळावर पाय टाकतात. लिहून टाका, निष्काळजीपणा.”

ते गेले. स्पष्टीकरण वाईट नव्हते आणि ते वाईट नाही याचाच तिला राग आला. पण त्यात उघड्या फाटकाला जागा नव्हती. दोनशे बारा माणसे एकजुटीने खोटे बोलू शकतात, हे एकोणीस वर्षांत तिने पुरेसे पाहिले होते. परंतु खोटे वर्षागणिक वाढते, त्याला शेपट्या फुटतात, कुणीतरी फाटकवाला दारू प्यायला होता म्हणते, कुणी तो झोपला होता म्हणते… इथे तसे काहीच नव्हते. नऊ अर्ज, अकरा वर्षे, आणि तेच एक कोरडे वाक्य: फाटक उघडे होते. पहिल्या अर्जात आणखी एक मागणी होती, फाटकावरचा फोन बंद पडला आहे तो दुरुस्त करावा. आणि त्या मागणीवर शेरा होता, ‘हा विषय या शाखेचा नाही.’ तेही अक्षर तिचेच.

फाटक उघडं होतं, हो ना?

हे वाक्य कागदावरचे नव्हते. ते एका बाईच्या तोंडचे होते, आणि ती बाई एका फाटकवाल्याच्या दोन खोल्यांच्या घराच्या दारात उभी होती, आणि आत, जमिनीवर पाटी घेऊन बसलेली मुलगी – मी – मान खाली घालून बेरीज करत होते, कारण मान वर केली असती तर बाबांचे तोंड दिसले असते. बाई सुताराची बायको. सुताराने मुलीला अभ्यासाचे छोटे मेज करून दिले होते, त्याचा एक पाय किंचित आखूड होता आणि तो म्हणाला होता, “जमीनच वाकडी आहे गं, मेज सरळ आहे.” नंतर एका दुपारी तो सायकलवरून फाटक ओलांडत होता. त्या फाटकावर कधी फोन नव्हताच. बाबांनी त्या बाईला उत्तर दिले ते दोन शब्दांचे, “वहीत बघा.”

वहीत सगळे ठीक होते. चौकशीला आलेल्या निरीक्षकाला बाबा आधी म्हणाले होते, “गाडी लवकर आली.” निरीक्षक खो खो हसला होता. “लवकर? आपली गाडी? अहो, हे साहेबांच्या कानावर गेलं तर बढती देतील तुम्हाला!” मग त्याने स्टेशनातली नोंद दाखवली: गाडी ठरल्या वेळी, ना एक मिनिट इकडे ना तिकडे. वहीतही बाबांनी तीच वेळ लिहिली होती, कारण गाडी गेली की तिची वेळ लिहायची आणि गाडीची वेळ म्हणजे वेळापत्रकातली वेळ. बाबा निर्दोष सुटले. ‘गाडी लवकर आली’ हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही. फक्त एकदा, तापात.

तिने पुढे पदार्थविज्ञान घेतले, मोजमापाच्या चुकांवरचे प्रकरण तिला तोंडपाठ होते, जगातल्या कुठल्याही गोष्टीला ‘कशावरून?’ विचारायची तिला सवय जडली – आणि एवढा एक प्रश्न तिने पस्तीस वर्षांत विचारला नाही. बाबा खोटे बोलले का? याला दोनच उत्तरे होती, आणि दुसरे अशक्य होते: गाड्या लवकर येत नाहीत.

एक वाजून गेल्यावर मेजावरचा फोन वाजला.

“अगं, तुझं खातं रेडिओवाल्यांच्या तक्रारी घेतं का?”

“नाही बाबा. का? जेवलात ना?”

“जेवतोय कसला. आज बातम्या नऊ मिनिटं आधीच लावल्या त्यांनी! मी हात धुऊन येऊन बसेपर्यंत मथळे संपले. काही धरबंद आहे की नाही? लोकांनी घड्याळं लावायची कशावरून?”

तिला हसू आले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून घरात कित्येक वर्षे एक मूक लढाई चालू होती: ती सकाळच्या बसमध्ये चढली, की खिडकीत उभे असलेले बाबा ‘आठ पाच’ म्हणत काटे बसच्या वेळेवर आणीत, आणि संध्याकाळी परतल्यावर ती चपला काढायच्या आधी ते गुपचूप मनगटी घड्याळाशी जुळवी. दोघांनीही हा विषय कधी काढला नव्हता. आज बस उशिरा आली होती. आठ चौदाला. ती स्टॉपवर मनगटाकडे बघत उभी होती, म्हणून नक्की माहीत. नऊ मिनिटे –

“ऐकतेयस ना?”

“हो,” ती म्हणाली. “बातम्या लवकर नाही लागल्या, बाबा…” आणि तिथेच थांबली, कारण वाक्याचा पुढचा भाग स्वयंपाकघराबद्दल नव्हता. “मी करते थोड्या वेळाने फोन.”

डब्याला तिने हात लावला नाही. मनात उठलेल्या गोष्टीला ती अजून कल्पनाही म्हणायला तयार नव्हती. कल्पनेला आधी चुकायची संधी द्यावी लागते. समजा, ज्या फाटकावर स्टेशनातून वेळ कळवणारा फोन नाही तिथला माणूस प्रत्येक गाडीवरून घड्याळ लावतो. गाडी वीस मिनिटे उशिरा आली, तर घड्याळ वीस मिनिटे मागे पडते आणि त्याला ते कळत नाही. पुढची गाडी वेळेवर आली, की त्याच्या घड्याळात ती वीस मिनिटे लवकर आलेली असते. फाटक बंद करायला अजून अवकाश आहे असे समजून तो निवांत असतो, तोच ती दारात. मग तो गडबडून तिची वेळ वहीत लिहितो, वेळापत्रकातली, त्याआधी पाच मिनिटे ‘फाटक बंद’ हेही रिवाजाने लिहून टाकतो, आणि गाडीच्या वेळेवर घड्याळही पुन्हा लावतो. चूक जागच्या जागी पुसली जाते. पुढचीही तेवढीच उशिरा आली, तर मात्र फाटक आधीच बंद झालेले असते. म्हणून अपघात व्हायचा तो बहुधा वेळेवरच्याच गाडीला.

हे खरे असेल तर नऊही दिवशी आधीची गाडी उशिरा आलेली असली पाहिजे, पाच मिनिटांहून अधिक. पूर्णविरामांचे म्हणणे खरे असेल तर आधीची गाडी कशीही असेल. अकरा वर्षांत हे कुणी पाहिले नव्हते, कारण ज्या गाडीने धडक दिली तिचीच नोंद मागवायची, ही खात्याची रीत. जिने कुणाला धक्का लावला नाही, त्या गाडीला कोण विचारतो?

तळघरातल्या दफ्तरखान्यात स्टेशनच्या वह्या होत्या. दफ्तरदार म्हणाला, “आधीच्या गाड्या? तिथे कोण मेलं?” ती म्हणाली, “कुणी नाही. म्हणूनच हव्यात.” त्याने तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले आणि शिडी आणली.

पहिली वही: आधीची गाडी अठरा मिनिटे उशिरा. दुसरी: अकरा. तिसऱ्या वहीची पाने एकमेकांना चिकटली होती. ती सोडवताना आपल्याला काय हवे आहे हे तिच्या ध्यानात येईना. सव्वीस. नऊ. चौदा… शिंप्याच्या बायकोच्या दिवशी, एकवीस. एखादी तरी नोंद उलटी निघावी असे तिला वाटत होते का? नऊच्या नऊ. तिने पुन्हा एकदा तपासल्या, या वेळी शेवटून. शिवाय फाटकाच्या वहीत अकरा वर्षांत एकही गाडी उशिरा आलेली नव्हती. तिनातल्या दोन गाड्या उशिरा येणाऱ्या मार्गावर एकही नाही! हे ती पाचदा वाचून गेली होती आणि पाचही वेळा तिला ती वही नीटनेटकी वाटली होती.

वर येऊन तिने घरचा नंबर फिरवला.

“बाबा, फाटकावरचं घड्याळ तुम्ही कशावरून लावायचात?”

“कशावरून म्हणजे? गाडीवरून. घड्याळ रोज जुळवावं असं नियमात होतं. कशाशी, ते नव्हतं. माझ्या आधीच्यानं मला तसं दाखवलं, मी माझ्या नंतरच्याला. गाडी साहेबाची, घड्याळ बापुडं माझं. साहेब चुकेल का?”

“प्रत्येक गाडीवरून?”

“प्रत्येक. झेंडी दाखवायची, आत यायचं, काच उघडायची, काटा लावायचा. आणि मग चहा.”

तो आवाज तिला ऐकू आला – काचेच्या दाराची किरकिर, आणि पाठोपाठ स्टोव्हवर भांडे. लहानपणी तिला वाटे, बाबा रोज गाडीला घड्याळात ठेवतात.

“त्या दिवशी…” ती म्हणाली. “सुताराच्या. सकाळची गाडी किती वाजता आली होती?”

पलीकडे रिसीव्हर या हातातून त्या हातात गेला.

“पस्तीस वर्षं झाली गं.”

“आठवतंय?”

“तुझ्या आईनं चहा दोनदा गरम केला होता,” बाबा म्हणाले. “तिसऱ्यांदा करणार नाही म्हणाली. एवढा उशीर. ते आठवतंय, कारण तेवढंच बोलणं त्या दिवशी हसून झालं.” मग, “गाडी लवकर आली होती. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“हो, बाबा.”

पुढे बोलायची गरज पडू नये अशी तिची इच्छा होती, आणि पडावी अशीही. पलीकडे ते मोजत होते. तीच लकब, जिभेने टाळूला हलकेच टकटक करत…

“म्हणजे घड्याळ मागं होतं.”

“हो.”

“साधारण किती?”

“माहीत नाही. चहावरून धरलं तर पंधरा-वीस मिनिटं.”

“हं,” बाबा म्हणाले. “तरी मला वाटायचंच… नाही. मला काही वाटायचं नाही. मी वहीत बघा म्हणालो तिला.” “आत्ता किती वाजले? तुझ्या मनगटावरचे सांग. नक्की.”

“तीन सतरा.”

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला, फरशीवर स्टूल सरकले, आणि ती कानाला फोन लावून वाट बघत राहिली; त्यांनी स्टुलावर चढू नये हे सांगायचे राहून गेले. घड्याळाची काच किरकिरली, स्टूल पुन्हा जागेवर सरकले, पण ते परत फोनवर आले नाहीत.

पूर्णविराम दोनदा डोकावून गेले. तिने लेखणीचे टोक पुसले. पस्तीस वर्षे जी दोन उत्तरे तिने मनात समोरासमोर उभी करून ठेवली होती ती दोन्ही आता तिथे नव्हती. बाबा खोटे बोलले नव्हते, आणि फाटक उघडे होते. त्या जागी नेमके काय आहे हे तिला अजून कळले नव्हते, पण त्याकडे बघता येत होते. सुताराची बायको हयात असेल का? कुठे असेल? तिच्या अर्जावर ‘तथ्य नाही’ असे लिहिणाऱ्या माणसाचेही अक्षर सुवाच्य असेल… हे विचार एकामागून एक आले आणि त्यांतल्या एकालाही तिने परत पाठवले नाही. पाच वाजायला तेवीस मिनिटे होती. हे तिच्या मनगटावरचे. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला वीस होती, आणि ते कशावरून लावतात हे शिपायाला विचारायचे तिने ठरवले.

मग तिने लिहिले:

‘अर्जात तथ्य आहे. फाटक उघडे होते. फोन बंद पडल्यापासून फाटकावरचे घड्याळ प्रत्येक गाडीवरून, ती वेळेवर आली आहे असे धरून लावले जाते. आधीची गाडी उशिरा आली की घड्याळ तेवढेच मागे पडते, आणि पुढची गाडी वेळेवर आल्यास फाटक बंद होण्यापूर्वीच येते. नऊही अपघातांच्या दिवशी आधीची गाडी नऊ ते सव्वीस मिनिटे उशिरा होती. उतारे जोडले आहेत. मृत स्त्रीच्या नावापुढील ‘निष्काळजी’ हा शब्द काढावा. या फाटकाच्या आधीच्या पाच अर्जांवर ‘तथ्य नाही’ असा शेरा मी लिहिला होता. तो चुकीचा होता.

‘घड्याळ लावण्याची ही पद्धत एक फाटकवाला दुसऱ्याला शिकवत आला आहे. फोन नसलेल्या सर्व फाटकांचे जुने अपघात पुन्हा तपासावेत. त्यांपैकी एका फाटकावर माझे वडील होते. त्या दिवशी सकाळची गाडी उशिरा आली होती.’