टाचेतून निघालेला कर्करोग

शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळे आले होते ते पाय ठेवायलाच. भिंतीलगत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याचा टब, टबात वायरीला जोडलेलं वेटोळं. माणसं पाय बुडवून बसत आणि बघता बघता पाणी गढूळ तपकिरी होई.

"विष बघा, विष." यंत्रवाले महाराज टबाटबात चिमटीभर मंतरलेलं मीठ टाकत होते. "डॉक्टर औषध आत ढकलतात. आम्ही कर्करोग टाचेतून बाहेर काढतो. सुई नाही, केस गळणं नाही."

माझी धाकटी बहीण डोळे मिटून बसली होती. तिला रक्ताचा कर्करोग. मावशीला हाच झाला तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. धाकटीला रोजची एक गोळी मिळाली. बिघडलेल्या पेशींना वाढत ठेवणारं एकच प्रथिन ती नेमकं अडवते. धाकटी ठणठणीत झाली. मग इथं आली, तपकिरी पाणी पाहिलं आणि तिनं गोळी सोडली. गुण गोळीचा, नाव टबाचं. आता रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढत होत्या.

शेजारची खुर्ची रिकामी झाली. टबात ताजं पाणी आलं, मीठ पडलं. मी खुर्चीवर मांडी घालून बसले आणि बटण दाबलं.

"बाई, पाय."

"राहू द्या. बघू काय होतं."

पाणी तपकिरी झालं.

"वेटोळं लोखंडाचं आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. हा गंज आहे. कॉलेजात मी हेच शिकवते."

महाराज हसले. "बाईंच्या जिभेवरचं विष लांबूनच उतरलं."

हॉल हसला. एक आजोबा मात्र पाय बाहेर काढून पुसू लागले. त्यांच्या सुनेनं ते उचलून पुन्हा टबात ठेवले.

जिन्यात मी धाकटीला म्हटलं, "आज गोळी घे."

"गंज आहे, कळलं मला, ताई. मी काय खुळी आहे?"

"मग?"

"डॉक्टर म्हणतात, जन्मभर घ्यायची. हा म्हणतो, गेला तुझा आजार. असं दुसरं कुणी म्हणतं का गं मला?"

उद्याचा नंबर लावायला ती पुन्हा वर गेली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. चमत्कार दाखवणाऱ्याला तोच चमत्कार आधी रोग्याशिवाय करून दाखवायला सांगा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. ती काम करते तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही.