सात नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. भांडी ठेवायची नव्हे. माझ्या खणांत माणसं राहत, म्हणजे त्यांचे पत्र्याचे बिल्ले.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना नव्यानं उभा राहिला, तेव्हा माझा जन्म झाला. शेडच्या छताखालून क्रेन फिरे आणि तिला लोखंडी साचे लोंबत. क्रेनवर बसलेल्या सोनाजीला खालचं सगळं दिसत नसे. खालून त्याला हातानं इशारा करायचा मुंजाबानं. हा हर्सूलकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्यानंच मला सुताराकडून करवून घेतलं. शेडचे चार भाग, तसे माझे चार खण. माणूस जिथं जाईल तिथल्या खणात त्याचा बिल्ला टांगायचा, लोंबत्या साच्याचा लाल बिल्लाही तसाच हलवायचा.

पण मेंढपाळाची नजर जमिनीवरच फिरणार! उंची तो साफ विसरला. माळ्यावरचा माणूस आणि त्याच्या खालचा एकाच खणात दिसू लागले. मग प्रत्येक खणावर मजला चढला आणि चाराचे आठ झाले. गर्दीच्या खणात आणखी आठ बारके कप्पे केले.

"जिथं कळप दाटला तिथं बारीक बघायचं," मुंजाबा म्हणे. "मोकळ्या रानात डोळे कशाला शिणवायचे?"

साहेब मला पाहुण्यांना दाखवत आणि मी फुगून जाई. मनात मात्र सदा धाकधूक असे. मला डोळे नाहीत. बिल्ला जिथं, माणूस तिथं, एवढंच मला ठाऊक.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एका दुपारी संचारबंदी लागणार अशी बातमी आली आणि पाळी लवकर सुटली. झाडलोट करणाऱ्या सारजाबाईचा बिल्ला सात नंबरचा. तिचा लेक मोर्चात गेला होता, त्यामुळं ती सैरभैर झाली. तिनं माझ्या खालच्या खणातून बिल्ला काढला. बाहेर पडताना बिल्ला दारापाशी खिळ्याला अडकवायचा असे, पण घाईत तिनं पदराच्या गाठीत बांधला. फाटकाशी गेल्यावर आठवलं, डबा आतच राहिला. ती मागच्या दारानं परत आत आली. मला त्याचा पत्ताच नव्हता.

लोंबता साचा खाली ठेवल्याशिवाय सोनाजीला उतरता येईना. मुंजाबानं माझ्याकडं पाहिलं. साच्याखालच्या जागेचा खण रिकामा! साचा खाली सोडायचा इशारा म्हणून तो हात वर करणारच होता.

पण कळप वाडग्यात, म्हणजे रात्रीच्या कुंपणात, घेताना मोजायची त्याची जुनी खोड. त्यानं दाराजवळचे बिल्ले मोजले, मग माझे. पुन्हा मोजले.

"थांब रं सोनाजी! एक कमी हाय."

"आरं, समदे गेले. संचारबंदी लागंल, सोडू दे की!"

"रानात नाय, वाडग्यात नाय, मग हाय कुठं? सोडू नको म्हन्तो ना!"

एवढ्यात यंत्राआडून सारजाबाई डबा घेऊन उठली. साचा थेट तिच्या डोक्यावर होता. तिनं वर पाहिलं आणि झटकन बाजूला झाली.

"लेकाच्या काळजीनं काय सुचंना बगा, भाऊ," ती रडत म्हणाली.

मुंजाबा तिला घरापर्यंत सोडून आला. लेक सुखरूप होता, हे मला कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर कळलं. त्याच दिवशी मुंजाबानं तिचा बिल्ला मागून घेतला.

"एक कमी हाय ते कळलं, बाई. पन कोन, ते कळंना. हाक कुनाला मारावी?"

त्यानं सात हा आकडा खरवडला आणि रंगानं लिहिलं, सारजाबाई. मग एकेकाचं नाव घालत सगळे बिल्ले बदलले.

आता ते काम संगणक करतो. मी भंगारात पडून आहे आणि माझ्या खणांत धूळ आहे. मित्रांनो, एवढंच मागते. खण रिकामा दिसला, म्हणून तिथं कुणी नाही असं धरून चालू नका. हात वर करण्याआधी एकदा नावानं हाक मारा.