काठीचे दुसरे टोक

मित्रांनो, बोरीच्या लाकडाची मी एक काठी, आता जुनी झालेली. नाईलकाठच्या कूस गावात एका सुताराने मला तासले, शेकावर सरळ केले आणि तेल पाजले. हाजी शाझलींनी मला घेतले ते लग्नांत ढोलाच्या तालावर लाठी खेळायला. ते मला घेऊन रिंगणात उतरले की गच्च्यांवरून बायका आरोळ्या देत. मला फार अभिमान वाटे.

पुढे हाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. रिंगण सुटले. माझे एक टोक त्यांच्या हातात राहिले आणि दुसरे त्यांच्या मुलीने, नगातने धरले. आई नव्हती, भाऊ रमदान कुवेतला. ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिचा तळवा मऊ होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हाजी, डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय. ते काढून नवं बसवू. अर्ध्या तासाचं काम."

"अल्लाहची मर्जी असेल तेव्हा," म्हणून हाजी उठले.

त्याच वर्षी साखर कारखान्यातला मेकॅनिक बदरी नगातला मागणी घालायला आला.

"आंधळ्याची काठी पळवायला आलास का रे?" हाजी हसत म्हणाले.

"काका, आधी डोळे करून घ्या. मीच गाडीतून नेतो."

"सुरीची भीती वाटते रे बाबा."

मित्रांनो, भीतीने तळहात घामेजतो. हाजींचा हात अगदी कोरडा होता. हे मला कळले, पण मला बोलता कुठे येते?

बदरी तीन वर्षे थांबला, मग त्याने दुसरीकडे लग्न केले. वरात दारावरून गेली तेव्हा नगातने मला इतके घट्ट आवळले की तिच्या बोटांत माझे कुसळ घुसले. मग हाजींना घेऊन ती नेहमीप्रमाणे मशिदीकडे निघाली. त्यालाही अकरा वर्षे लोटली. तिच्या तळव्याला घट्टे पडले.

एक दिवस रमदान तान्ह्या मुलाला घेऊन कुवेतहून आला.

"नातवाचं तोंड बघायचंय मला!" हाजी म्हणाले. "उद्याच दवाखान्यात चला."

नगातच्या हातून मी खाली पडले. तिने मला उचलले.

ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर हाजींनी नातवाला उराशी धरले, त्याची जिवणी पाहिली, कान पाहिले. मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बाईकडे त्यांची नजर गेली.

"ही कोण रे रमदान? कामाला ठेवलीस का?"



"मी नगात, आबा."

हाजी बराच वेळ तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले. मग रडत म्हणाले, "पोरी, आता तुझ्यासाठी स्थळ बघतो."

"कशाला? या वयात विधुराची पोरं सांभाळायला?" तिने ट्रे खाली ठेवला.

आठ दिवसांनी ती केना शहरात आत्याकडे निघाली, शिवणकाम करायला. हाजी दारात आले. "अगं, मग मला चहा-भाकरी कोण देणार?"

"तुम्हाला आता दिसतं ना, आबा."

मित्रांनो, मोतीबिंदू झाला तर वेळेवर काढून घ्या. नवे भिंग बसवता येते. नगातची चौदा वर्षे मात्र कोणत्याही डॉक्टरला परत बसवता येणार नाहीत.